अपघात कसा झाला ते कळते, माणूस कसा दगावला ते कळत नाही

पुणे-बंगळूर महामार्गावर किणी ते कागल या पट्ट्यात मोटारीला अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा साचा जवळपास ठरलेला असतो. गाडीचा वेग, चालकाला लागलेली डुलकी, आडवा आलेला दुचाकीस्वार, तासभर खोळंबलेली वाहतूक आणि शेवटी उपचारापूर्वीच मृत झालेल्यांची नावे व वये एवढे त्यात येते. मृत व्यक्ती कोणत्या सीटवर बसली होती, तिने पट्टा लावला होता का, ती गाडीबाहेर फेकली गेली की आतच कशावर तरी आदळली, आणि तिच्या शरीरातले नेमके काय निकामी झाले, हे मात्र त्या बातमीत नसते. त्यामुळे चौकातली चर्चा चालकाच्या चुकीपाशी किंवा रस्त्याच्या वळणापाशी थांबते, आणि तिथेही उत्तर सापडले नाही तर ‘वेळ आली होती’ असे म्हणून सगळे उठतात.

अपघात टाळणे आणि अपघात झालाच तर आतल्या माणसाला वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाबद्दल आपण निदान बोलतो. दुसऱ्या कामाचे शास्त्र विसाव्या शतकाच्या मध्यालाच उभे राहिले, त्याची साधने आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीत कारखान्यातूनच बसवून आलेली आहेत आणि कायदाही अस्तित्वात आहे; तरी कोल्हापुरात, आणि खरे तर राज्यभरात, ते काम कोणाचेच नाही अशी स्थिती आहे. मागच्या सीटवर ही स्थिती सर्वांत उघडी पडते, म्हणून या लेखाचा भर मागच्या सीटवर आहे.

आधी इजा कशी होते ते पाहिले पाहिजे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एखाद्या झाडावर किंवा पुलाच्या खांबावर आदळते, तेव्हा एका अपघातात तीन धडका होतात. पहिली धडक गाडीची. दुसरी माणसाची, कारण गाडी थांबली तरी माणसाचे शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते आणि स्टिअरिंग, डॅशबोर्ड, पुढची काच किंवा पुढच्या सीटची पाठ यांपैकी जे वाटेत येईल त्यावर आदळते. तिसरी धडक शरीराच्या आत होते: शरीर थांबते, पण कवटीतला मेंदू आणि छाती-पोटातले अवयव थांबलेले नसतात. ५० चा वेग शहरात कोणाला फारसा वाटत नाही. पण त्या वेगाने आदळणे म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडणे होय. वेग ८० केला की हीच उंची पंचवीस मीटर होते, कारण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

तथापि माणूस मरतो तो वेगाने नव्हे. तो वेग किती अंतरात संपला यावर सगळे ठरते. गाडीचा पुढचा भाग चेपला जाताना साधारण अर्धा-पाऊण मीटर अंतर मिळते. पट्ट्याने सीटला बांधलेला माणूस गाडीच्या सांगाड्याबरोबर थांबत जातो, म्हणून त्या अंतराचा लाभ त्यालाही मिळतो. पट्टा नसलेल्या माणसाला तो मिळत नाही. गाडी थांबून गेलेली असते तेव्हाही तो हवेत पुढे सरकत असतो आणि शेवटी डॅशबोर्डवर पाच-सहा सेंटिमीटरांत थांबतो. अंतर दहा-बारा पटींनी कमी झाले की शरीरावर येणारे बल तेवढ्याच पटींनी वाढते. पाय रोवून किंवा हाताने पुढची सीट धरून हे बल सोसता येईल, ही समजूत ज्याने हा हिशेब एकदा मांडला त्याला पुन्हा बाळगता येणार नाही.

या धडकांच्या इजा ठरावीक जागीच सापडतात, आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर त्या ओळखतात. गुडघा डॅशबोर्डवर आदळला की मांडीच्या हाडातून बल वर जाते आणि खुब्याचा सांधा मागच्या बाजूला निखळतो किंवा त्याची वाटी फुटते. छाती स्टिअरिंगवर आदळली की बरगड्या मोडतात आणि फुप्फुसाला मार बसतो. हृदयातून निघणारी महाधमनी सर्वांत फसवी असते. तिची कमान छातीत थोडी हलू शकते, पण तिथून खाली उतरणारा भाग पाठीच्या कण्याशी जखडलेला असतो. अचानक थांबताना या दोहोंच्या सांध्यापाशी ती फाटते, आणि बाहेर कातडीवर ओरखडाही नसू शकतो. यकृत आणि प्लीहा फाटून पोटात होणारा रक्तस्रावही असाच न दिसणारा असतो. ‘बोलत होता, चालत होता आणि तासाभरात गेला’ असे आपण हळहळून सांगतो, त्यामागे बहुधा असले काही कारण असते. मागून धडक बसते तेव्हा धड सीटबरोबर पुढे ढकलले जाते आणि डोके मागे राहते; मानेला बसणारा हा हिसका हेडरेस्ट अडवते, पण ती डोक्याच्या माथ्याइतकी उंच ओढलेली असेल तरच. आपल्याकडे ती खरेदीच्या दिवशी जिथे असते तिथेच गाडी विकेपर्यंत राहते.

हे ज्ञान कोणाला अचानक सुचलेले नाही, ते नोंदींतून आले आहे, आणि माझ्या मुद्द्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. ह्यू डीहेवन हा अमेरिकन पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकाचे शिक्षण घेताना विमानांच्या टकरीतून वाचला, आणि आपण का वाचलो हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही. उंच इमारतींवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास करून त्याने १९४२ मध्ये दाखवून दिले की मानवी शरीर आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त बल सोसू शकते, मात्र ते बल मोठ्या पृष्ठभागावर आणि पुरेशा अंतरात विभागले गेले पाहिजे. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्याने पोलिसांच्या अपघात-नोंदी आणि डॉक्टरांच्या इजा-नोंदी एकमेकांसमोर ठेवण्याची पद्धत सुरू केली. त्या काळी अमेरिकेतही ‘गाडीबाहेर फेकला गेला म्हणून वाचला’ असे लोक सर्रास म्हणत. नोंदी उलटे बोलल्या: धडकेत दार उघडून बाहेर फेकला जाणारा माणूस मरण्याची शक्यता आत राहणाऱ्यापेक्षा खूपच जास्त होती. त्या निष्कर्षावरून १९५०च्या दशकाच्या मध्यात मोटारींच्या दारांची कुलुपे मजबूत करण्यात आली. एका समजुतीची जागा एका नोंदवहीने घेतली आणि कारखान्यातली रचना बदलली.

त्याच दशकात डॉ. जॉन स्टॅप या अमेरिकन हवाई दलातल्या डॉक्टरांनी स्वतःला रॉकेटच्या गाडीत पट्ट्यांनी बांधून घेतले. डिसेंबर १९५४ मध्ये ताशी एक हजार किलोमीटरहून अधिक वेगावरून ते सव्वा ते दीड सेकंदात थांबले. शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट ताण आला, डोळ्यांत रक्त उतरले, पण ते जगले. चांगले बांधलेले शरीर काय सोसू शकते याचा हा पुरावा होता. १९५९ मध्ये व्होल्वोच्या नील्स बोहलिन यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, एकाच हाताने लावता येणारा तीन बिंदूंचा पट्टा तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांसाठी खुले ठेवले. आपल्या गाडीत आज जो पट्टा आहे तो मुळात तोच आहे. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने तो लावणे सक्तीचे केले, आणि त्यानंतर या विषयावर तात्त्विक वाद उरायला नको होता.

आपल्याकडे वाद उरला आहे तो बहुतांशी लोखंडावरच्या श्रद्धेमुळे. ‘पूर्वीच्या गाड्या दणकट होत्या, आताचा पत्रा बोटाने दबतो’ हे वाक्य उद्यमनगरातल्या कोणत्याही गॅरेजसमोर ऐकू येते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये मोटारींचे सुटे भाग ओतणाऱ्या शहरात लोखंडाबद्दल आदर असणे स्वाभाविकच आहे. पण गाडीने कुठे दबायचे आणि कुठे अजिबात दबायचे नाही, हे ठरवूनच आजची गाडी बनते. मर्सिडीझचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभीच ही कल्पना मांडली होती: पुढचा आणि मागचा भाग चेपून ऊर्जा गिळेल, मधली खोली मात्र अभेद्य राहील. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू यांची ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर टक्कर घडवली. जुन्या धिप्पाड गाडीची खोली चाचणीसाठी चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर कोसळली आणि नव्या गाडीतला पुतळा पायाच्या किरकोळ इजेवर सुटला. चेपलेले बॉनेट पाहून ‘गाडी कागदासारखी’ म्हणणाऱ्याने आतल्या सीटकडेही एकदा पाहावे.

याच श्रद्धेपोटी पुढे लोखंडी गार्ड बसवले जातात. केंद्र सरकारने २०१७ च्या अखेरीस त्यांवर कारवाईचे आदेश दिले, तरी ते उघडपणे विकले जातात. गार्डमुळे धडकेचे बल चेपायच्या जागेला वगळून थेट सांगाड्यात जाते, एअरबॅगच्या संवेदकांचे गणित बिघडू शकते आणि पादचाऱ्याच्या वाट्याला नुसते लोखंड येते. गाडीचे बंपर शाबूत राहते एवढाच त्याचा लाभ.

एअरबॅगबद्दलही आपली समजूत अर्धवट आहे. ती पट्ट्याची पूरक आहे, पर्याय नाही. ‘सप्लिमेंटल रिस्ट्रेंट सिस्टीम’ (एसआरएस), म्हणजे पूरक बंधन, या तिच्या इंग्रजी नावातच तसे म्हटलेले आहे. धडक बसल्यापासून सेकंदाच्या तीस-चाळीस सहस्रांश भागात ती फुगते, आणि पट्ट्याने जागेवर राहिलेला माणूस तिच्यावर येऊन टेकावा अशी तिची रचना असते. पट्टा नसलेला माणूस ती फुगत असतानाच तिच्यावर जाऊन आदळतो, आणि तेव्हा तिचाच तडाखा त्याला बसतो. पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर, मागे तोंड करून ठेवलेली बाळाची खुर्ची तर प्राणघातक आहे. देशात चालकासाठीची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, नंतर शेजारच्या सीटची झाली, आणि सहा एअरबॅगची सक्ती करावी की नाही यावर दोन वर्षे चर्चा होऊन २०२३ मध्ये तो विचार सोडून देण्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘भारत एनसीएपी’ची, म्हणजे नव्या गाड्या आदळवून त्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी चाचणी सुरू झाली हे चांगलेच झाले. पण पाच तारे मिळवणाऱ्या गाडीतले पुतळे पट्टा लावून बसलेले असतात, हे जाहिरात सांगत नाही. पट्टा न लावणाऱ्या माणसाने घेतलेले पाच तारे त्याच्या कामाचे नाहीत.

पट्टाही लावायचा तसाच लावावा लागतो. त्याचा खालचा भाग ओटीपोटावर नव्हे तर कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीवर आला पाहिजे. सीट मागे पाडून झोपलेला प्रवासी धडकेत पट्ट्याखालून सरकतो, पट्टा पोटात रुततो आणि आतडी किंवा कणा जायबंदी होतो. पुण्याहून रात्री निघून पहाटे घरी पोचणाऱ्यांना ही सूचना विशेष लागू आहे. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यावा. पट्टा टाळणे हा त्यावरचा उपाय नाही.

आता मागची सीट. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मागच्या सीटवर होते, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता आणि दोघेही गेले; पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांचा मृत्यू झाला तेव्हा तेही मागेच बसले होते. दोन्ही वेळा राज्यभर हळहळ व्यक्त झाली, आणि दुसऱ्या खेपेस निदान मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांना पट्टा सक्तीचा असल्याचे पोलिसांनी जाहीर केले. कोल्हापुरात मात्र ‘मागं बसलोय, मला कशाला बेल्ट?’ हा प्रश्न आजही हसतहसत विचारला जातो. पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा किंवा आंबोलीमार्गे गोवा अशा प्रवासाला निघालेल्या गाडीत मागचे पट्टे अनेकदा सीट कव्हरखाली गाडले गेलेले असतात. ते बाहेर काढायला दहा मिनिटे लागतात आणि ती कोणी खर्च करत नाही. पुढच्या सीटवर पट्ट्याचा इशारा वाजू नये म्हणून खाचेत अडकवायच्या खोट्या पट्ट्या मिळत. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना त्या हटवायला लावल्या आणि तेरा हजारांवर जाहिराती काढल्या गेल्या. इतके ग्राहक असल्याशिवाय इतक्या जाहिराती नसतात.

मागे बसलेल्याने पट्टा न लावणे ही त्याची खासगी बाब आहे, हा युक्तिवाद तर मुळातच टिकत नाही. साठ-सत्तर किलोंचे शरीर मागून पुढच्या सीटवर आदळते तेव्हा पुढच्या, पट्टा लावलेल्या माणसाला ते स्टिअरिंगवर चिरडते. जपानमधील अपघातांच्या नोंदींवरून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मागचा प्रवासी बांधलेला नसेल तर पुढच्याच्या मृत्यूचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो असे आढळले. बहुतेक घरांत मागे आईवडील किंवा मुले असतात आणि पुढे कर्ता माणूस, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. मांडीवरच्या मुलाचेही तसेच. दहा किलोचे मूल ५० च्या वेगातल्या धडकेत दीड-दोनशे किलो वजनाच्या ओढीने हातातून निसटते. ते धरून ठेवण्याइतके बळ कुस्तीच्या या गावातल्या पैलवानातही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या खुर्चीत बांधलेले नसेल तर तोच दंड चालकाला आहे. हे कलम किती पालकांना माहीत आहे?

विरोधाचे दोन मुद्दे मी नेहमी ऐकतो. पहिला, शहरात वेगच नसतो. त्याचे उत्तर वर आलेच आहे. दुसरा अधिक भावनिक आहे: गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर पट्ट्यात अडकून मरू. पंचगंगेचा पूर दर काही वर्षांनी पाहणाऱ्या गावात ही भीती हसण्यावारी नेता येत नाही. परंतु पेटणाऱ्या किंवा बुडणाऱ्या गाडीतून बाहेर पडायचे तर शुद्धीवर असावे लागते, पाय शाबूत असावे लागतात. आणि पहिल्या धडकेत शुद्ध टिकवणारी वस्तू पट्टाच आहे.

२६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलाचा कठडा तोडून मिनी बस पंचगंगेत कोसळली आणि गणपतीपुळ्याहून परतणारे १३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर शहरात जी चर्चा झाली ती मुख्यतः पुलाच्या वयाची आणि रखडलेल्या पर्यायी पुलाची होती, आणि ती रास्तच होती. मात्र त्या बसच्या आसनांना पट्टे होते का, आसने तळाशी टिकली की उखडली, प्रवासी कशाने गेले, हे प्रश्न माझ्या तरी ऐकण्यात आले नाहीत. माझा आग्रह इथे आहे. अपघाताच्या नोंदीसाठी पोलिसांकडे आता देशव्यापी संगणकीय यंत्रणा आहे. जिल्ह्यातील जखमी मोठ्या संख्येने सीपीआरमध्येच, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातच येतात, आणि ते रुग्णालय राजर्षी शाहू वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. प्रत्येक गंभीर अपघातात जखमी कोणत्या सीटवर होता, बांधलेला होता का, कशावर आदळला आणि कोणता अवयव जखमी झाला, या चार गोष्टी पोलीस आणि डॉक्टरांनी एकत्र नोंदवल्या आणि वर्षाअखेरीस नावे वगळून प्रसिद्ध केल्या, तर डीहेवनने केले तेच काम कोल्हापुरात होऊ शकेल. त्यासाठी परदेशी यंत्रे लागत नाहीत. देशपातळीवर २०२२ च्या १,६८,४९१ अपघाती मृत्यूंपैकी १६,७१५ जण पट्टा न लावलेले होते, आणि त्यांतले निम्मे चालक नव्हे, प्रवासी होते, एवढे तरी केंद्राच्या अहवालाने सांगितले. जिल्ह्याला स्वतःबद्दल तेवढेही सांगता येऊ नये?

अशा नोंदीतून आणखी एक स्थानिक प्रश्न पुढे येईल अशी माझी खात्री आहे. गाळपाच्या हंगामात रात्रीच्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असते, आणि मोटार तिच्याखाली घुसते. अशा वेळी चेपण्यासाठी बनवलेला भाग ट्रॉलीखालून निघून जातो आणि धडक थेट काचेच्या उंचीवर, डोक्याशी आणि छातीशी होते. इथे पट्टा आणि एअरबॅग दोन्ही अपुरी पडतात. मागे परावर्तक लावण्याची मोहीम दरवर्षी होते; पण ट्रॉलीच्या मागे, मोटारीला आत घुसू न देणाऱ्या उंचीवर आडवा मजबूत दांडा असल्याशिवाय ऊस उतरवून घ्यायचा नाही, असे साखर कारखान्यांनी ठरवले तर ते एका हंगामात होण्यासारखे आहे. कारखान्याच्या वजनकाट्याइतकी प्रभावी तपासणी चौकी आरटीओकडे नाही.

वडापचे, म्हणजे माणसे भरून चालणाऱ्या खासगी जीपगाड्यांचे काय, हा प्रश्न मात्र मला सोडवता आलेला नाही. राधानगरी किंवा गगनबावड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये आडव्या बाकांवर समोरासमोर दाटीने बसलेल्या माणसांना, मागच्या पायरीवर लोंबकळणाऱ्या पोरांना आणि जोतिबाच्या यात्रेला पिकअपच्या हौद्यात उभे राहून जाणाऱ्यांना पट्ट्याचे शास्त्र सांगणे निरर्थक आहे. त्यांच्यासाठी पट्टाच नाही. त्यांची सुरक्षितता एसटीच्या फेऱ्यांवर अवलंबून आहे, कारण वेळेवर बस मिळाली तर कोणी हौशीने जीपच्या पायरीवर उभा राहत नाही. म्हणजे मागच्या सीटचा दंड हा मोटार परवडणाऱ्यांपुरताच उपाय ठरतो, हा आक्षेप मला मान्य आहे. तो मान्य करूनही माझे मत असे आहे की शिरोली नाक्यावर आणि तावडे हॉटेलपाशी मोटारी थांबवणाऱ्या पोलिसाने कागदपत्रे मागण्याआधी मागची काच खाली करायला सांगावी, आणि वडापच्या मार्गांवर फेऱ्या वाढवण्याचे काम परिवहन खात्याने त्याच वर्षी हाती घ्यावे.